१० टक्क्यांची बाटली किती जहाल?

पत्र

ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २४. बेळगावात नोकरी करते, रोज स्कूटीवरून ये-जा. माघात माझं लग्न ठरलंय. कपाळावर बारीक पुटकुळ्या आणि गालांवर मुरमांचे जुने डाग आहेत, म्हणून दिवाळीआधी ऑनलाइन १० टक्के ग्लायकोलिक ॲसिडची बाटली मागवली आणि रोज रात्री लावली. तीन आठवड्यांत कपाळ गुळगुळीत झालं. पण आता साध्या पाण्यानं तोंड धुतलं तरी चुरचुरतं, आणि उजव्या गालावर नवाच काळपट चट्टा आलाय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, तिचं २ टक्के सॅलिसिलिक माझ्याहून स्ट्राँग आहे. पार्लरवाली म्हणते, ३० टक्क्यांचं पील कर, एका बैठकीत सगळं जाईल. औषधाच्या दुकानातून एक छोटी ट्यूब मिळाली, ती लावली की दोन दिवसांत लाली जाते, सोडली की परत येते. आजी म्हणते, "काय लावालीस रोज ते तोंडाला? दही लाव, लिंबू लाव." ताई, यातलं सगळ्यात स्ट्राँग कुठलं? आणि लग्नापर्यंत मी काय वापरू?

उत्तर

बाळ,

प्रश्नाचं उत्तर देतेच, पण त्याआधी एक काम आज रात्रीच कर. ती १० टक्क्यांची बाटली कपाटात ठेव, आणि त्या छोट्या ट्यूबचं मी खाली सांगते तसं कर. पार्लरमधल्या पीलला, म्हणजे जोरकस ॲसिडनं वरची कातडी सोलून काढण्याला, स्पष्ट नाही म्हण. साधं पाणी झोंबायला लागलं म्हणजे कातडीचा वरचा राखणदार थर विरलाय. अशा तोंडावर कुठलंही ॲसिड, अगदी सौम्यातलं सौम्यसुद्धा, सध्या जहालच ठरणार. आधी ते तोंड शांत होऊ दे.

मी बेळगावात औषधाच्या काउंटरमागे सत्तावीस वर्षं उभी आहे. पूर्वी मुली मुरमांसाठी कॅलामाइन मागायच्या, नाहीतर आईला पुढं करून स्वतः पायरीवर उभ्या राहायच्या. आता मोबाइलवरचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "याहून मोठा नंबर आहे काय?" या नंबरनं जितकी तोंडं पोळलेली मी बघितली तितकी दुसऱ्या कशानं नाही. बाटलीवरची सगळी माहिती इंग्रजीत, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला त्यात चटकन कळतो तो एकच, आकडा. म्हणून तुझ्यावर मी अजिबात रागावलेली नाही. तो आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, एवढं मात्र आज नीट समजून घे.

तुमच्या घरात ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही मिरच्या असतील. ब्याडगीची पूड दोन चमचे घातली तर रस्सा लालभडक होतो, जिभेला फारसं काही होत नाही. तेवढीच संकेश्वरी घातली तर घरातल्या पोरांना ताट सरकवावं लागतं. लवंगी असेल तर चिमूट पुरते. चमचा तोच असतो, पण चमच्यानं तिखटपणा मोजता येत नाही, कारण मिरची वेगळी आहे. टक्का म्हणजे हा चमचा. तुझे १० टक्के आणि मैत्रिणीचे २ टक्के या दोन वेगळ्या मिरच्या आहेत, त्यांची तुलना आकड्यानं होत नाही.

आता या मिरच्यांची ओळख करून घे. कातडीच्या सगळ्यात वर मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पातळ थर असतात, एकमेकांना टाके घातल्यासारखे चिकटलेले. ही ॲसिडं ते टाके सैल करतात, मग वरचे थर लवकर सुटतात. कण जितका लहान तितका तो पटकन आणि खोल शिरतो. ग्लायकोलिक हा या घराण्यातला सगळ्यात लहान कण, रेणुभार (म्हणजे कणाचं वजन) ७६. म्हणून तो काम लवकर दाखवतो आणि झोंबतोही लवकर. लॅक्टिक ९०, थोडा मोठा, थोडा सौम्य, शिवाय कातडीत ओलावा धरून ठेवणारा. मँडेलिक १५२, म्हणजे ग्लायकोलिकच्या दुप्पट. तो हळूहळू शिरतो, म्हणून आपल्यासारख्या सावळ्या, पटकन डाग धरणाऱ्या कातडीला मला तो सगळ्यात जास्त पटतो. ग्लुकोनोलॅक्टोन १७८. त्याला पीएचए (पॉलिहायड्रॉक्सी ॲसिड) म्हणतात, आणि तो इतका सबुरीनं काम करतो की नाजूक तोंडाची माणसंसुद्धा बहुतेक वेळा सहन करतात. एकाच टक्क्याला आणि एकाच आंबटपणाला तोलायचं झालं तर जोराचा उतरता क्रम हा असा: ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, ग्लुकोनोलॅक्टोन.

ग्लायकोलिकच्या बाटल्यांवर उसाचं चित्र असतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडं उसाशिवाय काही दिसत नाही, त्यामुळं आपल्याला ते चित्र घरचं वाटतं. उसात ग्लायकोलिक असतं हे खरं, पण बाटल्यांत भरलं जाणारं बहुतेक ग्लायकोलिक कारखान्यात रसायनांपासून तयार होतं. त्यात वाईट काहीच नाही, उलट त्याचं माप पक्कं असतं. नुसतं "उसाचा अर्क", "फळांचा अर्क" असं लिहिलेलं असेल आणि टक्का दिलेला नसेल, तर त्या बाटलीचा जोर तुला कोणीच सांगू शकणार नाही.

मैत्रिणीचं सॅलिसिलिक या रांगेत बसतच नाही, कारण त्याची वाट वेगळी आहे. वरची चारही ॲसिडं पाण्यात विरघळतात, सॅलिसिलिक तेलात विरघळतं. म्हणून ते तेलाबरोबर रंध्रात उतरतं आणि आत साचलेला मळ सैल करतं. काळी-पांढरी टोकं, बंद पुटकुळ्या, तेलकट नाक यांसाठी ते चांगलं. गालावरच्या जुन्या डागांना ते ग्लायकोलिकपेक्षा कमी उपयोगी. त्याचे २ टक्के म्हणजे चिमूटभर असं समजू नकोस. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मुरमांच्या औषधांत सॅलिसिलिकची मर्यादाच अर्धा ते २ टक्के आहे, म्हणजे मैत्रीण वरच्या टोकाला आहे. माझ्या काउंटरवर सॅलिसिलिकचे ४० टक्केही मिळतात. ती पायाच्या कुरुपावर चिकटवायची पट्टी असते, टाचेची घट्ट झालेली कातडी मऊ करून सोलून काढणारी. तेच ॲसिड, फक्त आकडा वीस पट.

पण एकाच ॲसिडच्या दोन बाटल्यांवर सारखा आकडा असला तरी जोर सारखा नसतो, आणि हीच गोष्ट विकणारे सांगत नाहीत. बाटलीतलं सगळं ॲसिड कामाला लागत नाही. काही मोकळं असतं, उरलेलं क्षाराच्या रूपात बांधलेलं. कातडीच्या स्निग्ध थरातून मुख्यतः मोकळंच आत जातं. किती मोकळं आणि किती बांधलेलं, हे पीएचवर ठरतं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. आकडा जितका खाली तितकं आंबट, आणि एक पायरी खाली उतरलं की आंबटपणा दहा पट.

मी वहीवर गणित मांडून ठेवलंय, तेच सांगते. ग्लायकोलिकचं अर्धं ॲसिड मोकळं असतं ते पीएच ३.८ च्या आसपास. बाटली पीएच ३.५ ची असेल तर १०० तले ६८ भाग मोकळे. पीएच ४ असेल तर ४०. पीएच ४.५ असेल तर जेमतेम १८. म्हणजे १० टक्के पण पीएच ४.५ असलेल्या बाटलीत मोकळं ॲसिड पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. आणि ७ टक्के पण पीएच ३.५ असलेल्या बाटलीत पावणेपाच टक्के. लहान आकड्याची बाटली मोठीच्या अडीच पटीहून जास्त जहाल निघाली की नाही? आता तुझी १० टक्क्यांची बाटली ३.५ ची असेल तर तू रोज रात्री पावणेसात टक्के मोकळं ग्लायकोलिक तोंडावर ठेवून झोपत होतीस. सौंदर्यप्रसाधनांची सुरक्षितता तपासणारी अमेरिकेतली तज्ज्ञ समिती घरी वापरायच्या अशा ॲसिडांना १० टक्के आणि पीएच ३.५ हीच शेवटची वेस मानते. त्याहून जास्त टक्के नकोत, त्याहून कमी पीएच नको, आणि तेवढं वापरतानाही उन्हापासून बचाव हवाच. तू वेशीवर उभी राहून रोज लावत होतीस, तेही पहिल्या दिवसापासून.

पीएच काही कंपन्या बाटलीवर किंवा आपल्या संकेतस्थळावर देतात. नसेल दिलेला तर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडं पीएचच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. एक थेंब टाक, रंग बघ. अगदी बारीक माप कळणार नाही, पण तीन आणि चार यातला फरक नक्की दिसेल. पट्टी तीनच्याही खालचा रंग दाखवत असेल तर ती बाटली घरात ठेवू नकोस.

तिसरी गोष्ट वेळ. सॅलिसिलिकचा फेसवॉश मिनिटभरात धुतला जातो, सीरम रात्रभर राहतं. त्यामुळं दोन्हींवर २ टक्के लिहिलेलं असलं तरी फेसवॉशचं काम सीरमच्या जवळपासही येत नाही. मैत्रिणीला विचार, तिचं नेमकं काय आहे. फेसवॉश असेल तर तुमचा वाद तिथंच मिटला.

आणि ते ३० टक्क्यांचं पील. यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण लग्नसराई आली की दर वर्षी एक-दोन मुली ओढणीनं तोंड झाकून माझ्याकडं येतात. त्याच समितीनं पार्लरसारख्या ठिकाणी वापरायला ३० टक्के आणि पीएच ३ ही मर्यादा सांगितलीय, पण ती शिकलेल्या माणसाच्या हातून, थोडा वेळ लावून, नीट धुऊन टाकण्यासाठी. ग्लायकोलिकचं पील घड्याळ लावून काढावं लागतं. ते आपणहून थांबत नाही, त्याला भरपूर पाण्यानं किंवा सोड्याच्या पाण्यानं थांबवावं लागतं. दोन मिनिटं जास्त गेली तर ज्या तोंडाला काही झालं नसतं ते भाजतं. आपल्या रंगाची कातडी भाजली की ती लाल होऊन बरी होत नाही, काळी होऊन बरी होते, आणि तो काळेपणा महिनोन् महिने राहतो. तुझ्या गालावरचा चट्टा तोच आहे असं मला पत्रावरून वाटतं: दाह झाल्यावर कातडीनं जास्तीचा रंग सोडलाय. आधीच दाह झालेल्या गालावर कोणी ३० टक्के ओतलं तर माघातल्या फोटोत काय दिसेल याचा विचार कर. पार्लरवालीला विचार की तिच्या बाटलीचा पीएच किती, किती मिनिटं ठेवणार आणि कशानं थांबवणार. या तीन प्रश्नांची उत्तरं जिथं मिळत नाहीत तिथं तोंड द्यायचं नाही. पील करायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडं, तेही आता नव्हे. आणि टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) नावाचं पील ऑनलाइन घेऊन घरी करायचं तर कधीच मनात आणू नकोस. ते टाके सैल करत नाही, कातडीतली प्रथिनंच गोठवतं.

ही ॲसिडं मुळात सौंदर्यासाठी शोधली गेली नव्हती. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या दोन संशोधकांनी ती माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या आजारावर वापरली आणि जाड खवले सुटताना बघितले. घट्ट झालेल्या कातडीसाठीचं हे औषध आहे. तुझी कातडी चोवीस वर्षांची. ती दर महिन्याला, साधारण २८ दिवसांत, आपोआप नवी होते. तिला हलका हात पुरतो. रोज रात्री ढकलायची गरज नव्हतीच.

आता ती ट्यूब. बाळ, हे मला सगळ्यात जास्त लागलंय. दोन दिवसांत लाली जाते आणि सोडलं की परत येते, हे वाचल्यावर माझा पहिला संशय स्टेरॉइडवर जातो. ट्यूबवर बारीक अक्षरात बघ: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते दाह बरा करत नाही, दाबून ठेवतं. तुला वाटतं तोंड सुधारलं, म्हणून तू परत ॲसिड लावतेस. खाली कातडी पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव येते, नवे मुरूम येतात. अशा तोंडाला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी वेगळं नावच दिलंय, इतक्या केसेस आपल्या देशात आहेत. २०१८ साली केंद्र सरकारनं नियमात बदल करून १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली, ती याचसाठी. मी या धंद्यातली आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: तोंडासाठी अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय देणं चूक आहे, मग देणारा कितीही ओळखीचा असो. चार-आठ दिवसच लावली असशील तर बंद कर. दोन-तीन आठवड्यांहून जास्त लावली असशील तर मात्र स्वतःच्या मनानं एकदम सोडू नकोस, लाली उसळून येते. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव आणि ते सांगतील तशी सोड. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. खाजगीत जायला पैसे लागतात म्हणून थांबायचं कारण नाही.

आजीचं बोलणं अर्धं ऐक. दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं, साधारण एक टक्का, आणि दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास. वरच्या हिशेबानं त्यात मोकळं लॅक्टिक ०.२ टक्के निघतं. म्हणजे आजीचं दही हे या सगळ्या यादीतलं सगळ्यात सौम्य. तोंड बरं झाल्यावर कधीतरी दहा मिनिटं लावलंस तर आजीही खूश. त्यानं डाग जातील ही अपेक्षा ठेवू नकोस. आणि सध्या, तोंड चुरचुरत असताना, तेही नको.

लिंबू मात्र कायमचं बंद. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५. घरगुती वापराची वेस ३.५ आहे हे आठवतंय ना? म्हणजे त्या वेशीवरच्या बाटलीहून लिंबू निदान दहा पट आंबट. शिवाय त्यात अशी द्रव्यं असतात की रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मग तपकिरी ओघळ उमटतात. उन्हात बसून सरबताची लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर असे चट्टे येतात. आजीला हे प्रेमानं सांग. तिच्या काळात पोरी लिंबू लावून रोज स्कूटीवर बसत नव्हत्या.

स्कूटीवरून आठवलं. चट्टा उजव्याच गालावर का, याचा विचार केलास का? खानापूरहून बेळगाव जवळपास सरळ उत्तरेला. सकाळी तू उत्तरेकडं येतेस, सूर्य उजवीकडं. संध्याकाळी दक्षिणेकडं परततेस, मावळता सूर्य पुन्हा उजवीकडंच. दोन्ही वेळा ऊन त्याच गालावर. ग्लायकोलिकनं वरचा थर पातळ केला आणि रोजच्या ये-जा करतानाच्या उन्हानं उरलेलं काम केलं, असा माझा अंदाज. १० टक्के ग्लायकोलिक, पीएच ३.५, चार आठवडे लावून केलेल्या तपासणीत कातडी उन्हाला जास्त हळवी झालेली दिसली होती, आणि बंद केल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये अशा बाटल्यांवर उन्हाचा इशारा छापायला सुचवलं, वापरत असताना आणि सोडल्यावर आणखी एक आठवडा जपायचं म्हणून.

तेव्हा सनस्क्रीन हे तुझं पहिलं औषध. एसपीएफ ३० किंवा ५०, आणि पीए पुढं निदान तीन अधिक चिन्हं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढ, तेवढं तोंडाला आणि मानेला. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एकदा, आणि संध्याकाळी परतताना ऑफिसातच पुन्हा. बहुतेक मुली दुसरी वेळ चुकवतात. कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं मिळालं तर ते घे, कारण डाग गडद करण्यात नुसत्या अतिनील किरणांचा नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचाही हात असतो. वरून सुती ओढणी आणि हेल्मेटची काच खाली.

हेल्मेटचं आणखी एक. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं कारण मला ॲसिडच्या अभावात दिसत नाही. सकाळी केसांना तेल लावून त्यावर हेल्मेट घालतेस का? तेल आणि घाम हेल्मेटच्या गादीत मुरतो आणि रोज तासभर कपाळावर दाबला जातो. तेल न्हायच्या आदल्या रात्रीच लाव, गादी काढता येत असेल तर आठवड्याला धुवून वाळव, नसेल तर आत सुती रुमाल बांध आणि तो रोज बदल. डोक्यात कोंडा असेल तर त्याचा शांपू वापर. पुटकुळ्या खाजत असतील तर ती गोष्ट बुरशीची असू शकते, डॉक्टरांना तेवढं मुद्दाम सांग.

आता माघापर्यंतचं. तुझ्या हातात दहा-एक आठवडे आहेत असं धरते.

पहिले तीन आठवडे काहीही सोलायचं नाही. सकाळी नुसतं कोमट पाणी, रात्री फेस न होणारा साधा सौम्य क्लिन्झर, ओल्या तोंडावरच ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं बिनवासाचं मॉइश्चरायझर. आपल्याकडं मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी आणि पहाटे चांगलाच गारठा, त्यामुळं रात्री चुरचुरणाऱ्या जागेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरव. स्क्रब नको, डाळीच्या पिठाचं घासणं नको, ब्लीच नको, थ्रेडिंग-वॅक्सिंगही तोंड शांत होईपर्यंत नको. ढिली झालेली कातडी मेणाबरोबर निघून येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सलग आठ दिवस पाणी झोंबलं नाही, साबण झोंबला नाही, मगच पुढं. तेव्हा ५ टक्के लॅक्टिक किंवा ५ ते १० टक्के मँडेलिक घे, आधी जबड्याच्या कडेला दोन रात्री लावून बघ, मग पूर्ण तोंडाला आठवड्यातून एकच रात्र. दोन आठवडे सुरळीत गेले तर दोन रात्री. लग्नाआधी त्याच्या पुढं जायचं नाही. डागांसाठी डॉक्टरांना ॲझेलाइक ॲसिडबद्दल विचार. सोलण्यात ते जोरकस नाही, पण मुरूम आणि डाग दोन्हींवर काम करतं आणि आपल्या कातडीला मानवतं. रेटिनॉलच्या जातीचं क्रीम सध्या सुरू करू नकोस, आणि लग्नानंतर मूल लवकर हवं असेल तर ट्रेटिनॉइन, ॲडापलीन ही नावं डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाजवळ आणायची नाहीत.

हळदीच्या दहा दिवस आधी सगळी ॲसिडं बंद. हे घरच्यांनाही सांगून ठेव. हळद लावताना बायका हौसेनं चोळतात, आणि सोललेल्या कातडीवर ती आगीसारखी लागते, शिवाय पिवळेपणा चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. आत्याबाईंना, मामींना आधीच सांग, की तोंडाला नुसतं बोट टेकवा, चोळायचं ते हातापायांना. त्या दहा दिवसांत नवीन क्रीम, नवीन फेशियल, कोणी भेट दिलेली डबी, काहीही नको.

दहा आठवड्यांत कातडी दोन-अडीच वेळा नवी होते. तेवढ्यात चुरचुर जाईल, पोत सुधारेल, चट्टा फिकट होईल. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, असे डाग जायला कित्येक महिने घेतात. पण शांत कातडीवर मेकअप नीट बसतो, सोलवटलेल्या कातडीवर तो पापुद्र्यांत अडकतो. मला तुला मांडवात शांत तोंडानं बघायला आवडेल.

चट्ट्यावर फोड आले, पाणी सुटलं, किंवा डोळ्यांजवळ सूज आली तर यातल्या कशाचीही वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि जाताना ती बाटली आणि ती ट्यूब, दोन्ही पिशवीत घालून घेऊन जा. डॉक्टरांपुढं लाजून ट्यूब घरी ठेवू नकोस.

तुझी ताई